उसना घेतला तर परत कधी करायचा?

पानावर पाच उदाहरणं होती आणि पाचांवरही लाल फुली. पहिलं ५३४२ वजा २७६८. उत्तराच्या जागी वळणदार आकड्यांत ३४२६. खाडाखोड नाही, घाई केल्याची खूण नाही. इतकं नेटकं पान, की फुल्या मारणाऱ्या हातालाही वाईट वाटलं असेल.

वही बायोची. शेजारच्या घरातली पाचवीतली मुलगी, घरात आणि वाडीत सगळे तिला बायोच म्हणतात. आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, आचऱ्याच्या बाजूला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. जून सरत आला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे तिचा बाबा पडवीत बसून फाटकी जाळी सांधत होता आणि आई आठवडा बाजाराला सुकी मासळी घेऊन जात होती. वही तिनंच माझ्यापुढे ठेवली. "काकी, हिच्याकडे जरा बघा. सगळा येता, वजाबाकीच येणा नाय." मी एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. पैसे मोजणं आणि संध्याकाळी रोख जुळवणं हेच माझं काम होतं. म्हणून वाडीत कुणाचा हिशेब अडला की तो माझ्या दारात येतो.

मी बायोला "चुकलंय" म्हटलं नाही. ते वहीनं तिला सांगितलेलंच होतं. म्हटलं, हेच उदाहरण पुन्हा कर, पण मोठ्यानं बोलत कर. ती बोलायला लागली. "दोनातसून आठ कशे जातले? म्हणान आठातसून दोन काढले, सहा. चारातसून सहा जायत नाय, म्हणान सहातसून चार, दोन..." असं चारही घरं. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, मग तो वर असो वा खाली. तिनं एक नियम बनवला होता आणि तो चारही वेळा इमानानं पाळला होता. ज्याला आपण 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो, त्यात किती लक्ष असतं ते त्या दिवशी मला दिसलं.

माझी भाची शिक्षिका आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ही चूक जगभरातली मुलं करतात. १९७८ साली ब्राऊन आणि बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला होता. मुलं वाटेल तसं चुकत नाहीत, एखादा बिघडलेला नियम सातत्यानं वापरतात, असं त्यांना दिसलं. "म्हणून मावशी," ती म्हणाली, "उत्तर बघू नकोस, नियम शोध." हे वाक्य मी त्या वर्षीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

पण लिहून ठेवलं म्हणजे लगेच अंगी आलं असं नाही. दुसऱ्याच संध्याकाळी मी तिला माझी पद्धत शिकवायला बसले. आमच्या वेळी शाळेत जशी घोकून घेतली होती तशीच: "दोनातून आठ जात नाहीत. बारातून आठ गेले, राहिले चार, हातचा एक. एक आणि सहा सात. चारातून सात जात नाहीत, चौदातून सात गेले, राहिले सात, हातचा एक. एक आणि सात आठ. तेरातून आठ गेले पाच, हातचा एक. एक आणि दोन तीन. पाचातून तीन गेले दोन." उत्तर २५७४. वरच्या आकड्यांना हातच लावायचा नाही, हातचा खालच्या आकड्यात मिळवायचा. माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांची वजाबाकी अजून अशीच चालते. बायोनं दोन संध्याकाळींत ती लय उचलली आणि पुढचे चार दिवस तिची सगळी उत्तरं बरोबर आली. तिची आई माझ्यासाठी गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, घेऊन आली. मला धन्य वाटलं.

पाचव्या दिवशी तिनं तेच ५३४२ वजा २७६८ करून दाखवलं आणि उत्तर आलं १४६४.

पावसानं लाइट गेली होती. कंदिलाच्या उजेडात मी ते आकडे कितीतरी वेळ बघत बसले. ३४२६ चा नियम मला कळला होता. १४६४ चा कळेना. शेवटी खऱ्या उत्तरातून तिचं उत्तर वजा करून पाहिलं: २५७४ वजा १४६४, बरोबर १११०. एक हजार, एक शंभर, एक दहा. म्हणजे एककाचं घर सोडून प्रत्येक घरात एक जास्तीचा गेला होता. मग उलगडलं. त्या आठवड्यात शाळेत बाईंनी वरच्या संख्येतला दशक सुटा करायला शिकवला होता: शेजारच्या आकड्यावर काट मारायची, तो एकानं कमी करायचा. बायोनं दोन्ही केलं. वरच्या चारावर काट मारून तीन केले आणि खालच्या सहात माझा हातचाही मिळवला. शाळेचं ऐकलं आणि आजीचंही ऐकलं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी पूर्ण बरोबर, पण एकाच उदाहरणात एकत्र आल्या की प्रत्येक घरातून एक दोनदा जातो.

हे मी केलं होतं. शाळेत काय चाललंय याची एका शब्दानं चौकशी न करता मी माझं पाठांतर तिच्यावर चढवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंना वाटेत गाठून विचारलं, त्यांनी वही उघडून रीत दाखवली. एकाच वेळी दोन वर्ग सांभाळणाऱ्या त्या बाई, तरी उभ्या पावसात छत्री धरून दहा मिनिटं माझ्याशी बोलल्या. मी ठरवलं, शाळेचीच पद्धत धरायची. तिला बसायचंय त्या वर्गात. माझी पद्धत फडताळात ठेवायची.

तर मी सांगायला सुरुवात केली: "एककाकडे दोनच आहेत, आठ द्यायचेत. मग तो शेजारच्या दशकाकडे जातो आणि एक उसना आणतो." बायो मध्येच म्हणाली,

"आजये, उसनो घेतलो तर परत कदी करूचो?"

मी गप्प झाले. आमच्याकडे उसनं म्हणजे काय हे पोरांना चांगलं माहीत असतं. वाटीभर साखर शेजारून आणली तर वाटीभरच परत जाते. नारळ आणला तर नारळ. बायो स्वतः ही देवघेव करायला दिवसातून दोनदा कुंपण ओलांडते. आणि गणितात मी तिला सांगत होते की दशकाकडून उसना आणायचा आणि विसरून जायचं. तिला ते पटत नव्हतं. माझ्या मते तिला वजाबाकी न येण्याचं निम्मं कारण हेच होतं की तिला ती लबाडी वाटत होती.

त्या रात्री मला दोन गोष्टी सुचल्या. पहिली म्हणजे माझ्या जुन्या पद्धतीत उसना खरोखरच परत केला जातो. वर दहा आणले की खाली एक फेडायचा, तोच हातचा. पन्नास वर्षं मी ते घोकत होते आणि ते फेडणं आहे हे मला माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेच्या पद्धतीत उसनवार नाहीच. तिथे फक्त सुटे करतात. काउंटरवर कुणी शंभराची नोट दिली, मी दहाच्या दहा नोटा दिल्या, तर कोण कुणाचं देणं लागतं? कुणीच नाही. पैसे तेवढेच, रूप बदललं. 'उसना' हा शब्द मी त्या दिवसापासून वजाबाकीत वापरला नाही. 'सुटे करणं' म्हणते, शाळेच्या पुस्तकातही दशक सुटा करणं असंच म्हणतात.

आता सुटे करणं हातांना कळायला हवं होतं. नोटा वापराव्यात असं आधी वाटलं होतं. पण वीसच्या आणि पन्नासच्या नोटा मध्ये लुडबुडतात. आणि शंभराची नोट दिसायला जवळपास दहाच्या नोटेएवढीच, दहापट काही दिसत नाही. माझ्या पडवीत हीर होते, नारळाच्या पात्यांच्या मधल्या काड्या. पावसाळ्याआधी चुडतींचे, म्हणजे झावळ्यांचे, हीर तासून ठेवायचे, वर्षभराच्या खराट्यांना लागतात. एका चुडतीला दोनशेच्या वर पाती असतात, तेव्हा पाच चुडतींत हजार हीर सहज निघतात. दोन दुपारी आम्ही दोघी मोजत बसलो. दहा हिरांची जुडी, तिला रबर. दहा जुड्यांची पेंडी, तिला सुंभ. दहा पेंड्यांचा भारा. जुडी बोटाएवढी, पेंडी मनगटाएवढी, आणि भारा दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागायचा. बायोनं तो उचलून पाहिला आणि म्हणाली, "हजार एवढो मोठो?" कधीपासून ती हजार लिहीत होती.

बांधताना एका पेंडीत नऊच जुड्या निघाल्या, एका जुडीत अकरा हीर. तिनंच शोधलं आणि दुरुस्त केलं. ही मोजणी मी घाईनं उरकली नाही, आणि ते बरं झालं.

पहिलं उदाहरण मी ५२ वजा ३७ दिलं. तिचा चेहरा पडला, "ह्या दुसरीचा." म्हटलं, हो, पण पाटीवर नाही करायचं. तुझ्याकडे पाच जुड्या आणि दोन सुटे, मला सदतीस दे. तिनं तीन जुड्या माझ्या हातात ठेवल्या. मग दोन सुटे. मग थांबली. अजून पाच द्यायचे होते आणि तिच्यापुढे दोन बांधलेल्या जुड्या. बाहेर पाऊस पडत होता, मी काही बोलले नाही. तिनं एका जुडीच्या रबराला नख लावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सोडू?" मी मान हलवली. रबर निघालं, पाच मला मिळाले, पाच उरले. एक जुडी, पाच सुटे. पंधरा. हीच मुलगी पंधरवड्यापूर्वी ५२ वजा ३७ पंचवीस लिहीत होती.

तिनं दशक आधी दिले, एकक मागून. वहीतल्या रीतीच्या उलटं. मी दोन दिवस तिला तसंच करू दिलं. हिरांना ते चालतं. मग तिला ३४२ वजा १६८ डावीकडून वहीत करायला सांगितलं. शतकाच्या घरात तिनं दोन लिहिले. दशकाला आली तर चारातून सहा जाईनात, पेंडी सोडावी लागली, दोनाचा एक झाला. खोडलं. एककाला आली तर जुडी सोडावी लागली, पुन्हा खोडलं. शेवटी १७४ आलं, पण पान मळलं. तेव्हा तिचं तिला समजलं की वहीत उजवीकडून का सुरुवात करतात. डावीकडून केलं तर चूक नसते, पण मागचं खोडत बसावं लागतं.

एकच शिस्त मी कडक ठेवली: हातानं रबर सोडल्याशिवाय वहीत काट मारायची नाही. एक रबर, एक काट. जुडी सुटली की दशकावर काट, तो एकानं कमी, आणि एककात दहा जास्त. काट ही मग तिच्यासाठी रबराची खूण झाली. दिवसाला चार उदाहरणं, जास्त नाही. पण ती चार बोलून, करून, लिहून.

शून्याशी मात्र पाच दिवस गेले. तिच्या वहीत ४००३ वजा १५७८ होतं आणि उत्तर २५३५. मी आता शहाणी झाले होते, आधी नियम शोधला. तीनाला दहा हवेत, शेजारी शून्य, त्याच्या शेजारी शून्य, म्हणून थेट चाराकडे गेली, त्याचे तीन केले आणि वाटेतल्या दोन्ही शून्यांचे दहा दहा करून टाकले. एका हजारातून दहा शतकं, दहा दशकं आणि वर दहा एकक. हजाराचे अकराशे दहा झाले.

भारा एकच होता, म्हणून उदाहरण छोटं केलं: १००३ वजा ५७८. पुढ्यात बांधलेला भारा आणि तीन सुटे हीर. आठ सुटे दे म्हटलं. तिनं भाऱ्याकडे पाहिलं. भाऱ्यातून थेट एक हीर ओढता येईल का, असा विचार तिच्या डोळ्यांत दिसला, आणि तिनं तसं ओढूनही पाहिलं. सुंभ घट्ट होतं. मग भारा सोडला, दहा पेंड्या जमिनीवर घरंगळल्या. एक पेंडी सोडली, दहा जुड्या. एक जुडी सोडली, दहा हीर, आधीचे तीन धरून तेरा. मी म्हटलं, आता मोज, काय काय आहे. पेंड्या नऊ. जुड्या नऊ. सुटे तेरा.

"नऊ खंयसून इले?" तिनं विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आधी तिनं हातातली रिकामी सुंभाची गाठ वर धरली. दहावी पेंडी सोडली होती. दहावी जुडी सोडली होती. म्हणून नऊ आणि नऊ. तिनं वहीत १००३ च्या डोक्यावर नऊ, नऊ, तेरा लिहिलं, प्रत्येक नवाकडे बोट दाखवून ती पेंडी कुठे गेली ते सांगितलं, आणि ४२५ आलं. मग न सांगता पान उलटून ४००३ वजा १५७८ केलं. २४२५.

आई चुलीपाशी सुकट निवडत होती. बायोनं तिला मुद्दाम विचारलं, चार हजार तीनातसून पंधराशे अठ्ठ्याहत्तर गेले तर? आई सातवीनंतर शाळेत गेलेली नाही. तिनं हात न थांबवता म्हटलं, बावीस दिले की सोळाशे, चारशे दिले की दोन हजार, वर दोन हजार तीन. चोवीसशे पंचवीस. बाजारात पाचशेची नोट आली आणि माल तीनशे पासष्टचा असला की ती असंच पाच, तीस, शंभर करत सुटे हातावर ठेवते. वजा कधी करतच नाही, वर चढत जाते. बायोनं आजवर हे कितीदा पाहिलं होतं, पण ही वजाबाकी आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक जागा कच्ची होती, ती हिरांनी सुटत नव्हती. तेरातून आठ, पंधरातून सात हे ती बोटांवर मोजायची, आणि बोटं मोजता मोजता आपण कुठल्या घरात होतो ते विसरायची. त्यासाठी काजूच्या दहा बिया आणि एक करवंटी. मी काही बिया करवंटीखाली दडवायची, बाहेरच्या बघून आतल्या किती ते तिनं सांगायचं. सात बाहेर तर तीन आत. रोज पाच मिनिटं. पंधरा दिवसांत दहाच्या जोड्या तोंडपाठ झाल्या. मग तेरातून आठ काढताना आधी तीन आणि मग पाच काढायची, किंवा आठाला दोन देऊन दहा आणि वर तीन. दोन्ही रस्ते तिनं स्वतः शोधले. मी शोधू दिले एवढंच.

बेरजेवर फार लिहीत नाही, कारण ती तिला येत होती. चुका दोनच होत्या. ३४५६ आणि ७८ मांडताना अठ्ठ्याहत्तर डावीकडून चौतीसच्या खाली लिहायची आणि उत्तर अकरा हजारांच्या पुढे जायचं. चौकटीची वही संपली होती, तर रेघी वही आडवी फिरवली. रेघा उभ्या झाल्या, एका रकान्यात एक आकडा. दुसरं, हातचा कधी लिहायची, कधी मनात ठेवायची, कधी सोडून द्यायची. तिला ४६७ आणि ३८५ ची बेरीज आधी मोकळी करायला लावली: सातशे, एकशे चाळीस, बारा. तिघांची बेरीज आठशे बावन्न. मग तेच उभं मांडलं. बारातला एक दशक पुढच्या घरात जातो तोच हातचा, हे दिसल्यावर तो सुटला नाही. हातात आलेली जुडी कुणी टाकून देत नाही.

पण एक दिवस सगळं बरोबर करून उत्तर चुकलं. मी तोंडी सांगितलं होतं 'पाच हजार सत्तेचाळीस'. तिनं लिहिलं ५०७४. तिथे मला २०१९ सालचा वाद आठवला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा सगळीकडे गदारोळ झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, मुलांचा त्यात गोंधळ होतो. मी तेव्हा त्यांच्या विरोधात होते. सत्तावीस, अठ्ठावीस हे शब्द म्हणजे आपली भाषा, ते कसे बदलता, असं पोस्टात सगळ्यांसमोर तावातावानं बोलले होते. शब्द मला अजूनही प्यारे आहेत. पण सत्तेचाळीस ऐकून आधी सात लिहिणारी मुलगी समोर बसली तेव्हा नारळीकरबाई काय म्हणत होत्या ते समजलं. सात आधी ऐकू येतो, म्हणून सात आधी लिहिला. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु', वीस आधी आणि एक मागून. आपल्याकडे उलट. त्यातून एकोणऐंशी म्हटलं की ऐंशी कानात राहतो आणि लिहायचे असतात सात आणि नऊ. आम्ही तोड काढली: मी संख्या सांगितली की तिनं आधी तिचं रूप बोलायचं, 'पाच हजार, चार दशक, सात', आणि मग लिहायचं. शब्द मराठीच राहिले, मध्ये एक पायरी आली.

या चुकीची खूण मला नोकरीनं शिकवली होती, ती मी तिला दिली. दिवसाअखेर रोख जुळली नाही आणि फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला, की आधी उलटे लिहिलेले आकडे शोधायचे. ५०७४ वजा ५०४७, सत्तावीस. तीन नव सत्तावीस. बायोनं तिच्या वहीतल्या दहा-बारा संख्या उलट्या करून पाहिल्या, प्रत्येक वेळी नऊच्या पाढ्यातलाच फरक. ती त्या रात्री जेवायला उठेना. मग उत्तर पडताळायचा नवाचा ताळाही शिकवला. ५३४२ चे अंक मिळवून चौदा, चौदाचे पाच. २७६८ चे तेवीस, तेवीसचे पाच. पाचातून पाच शून्य, आणि उत्तर २५७४ चे अठरा, अठराचे नऊ, नऊ म्हणजे शून्यच. जुळलं. तिच्या पहिल्या ३४२६ चे अंक पंधरा, म्हणजे सहा. नाही जुळत. मात्र उत्तरातच दोन आकडे उलटे झाले तर ताळा ते पकडत नाही, हेही तिला सांगितलं. म्हणून ताळ्याआधी अंदाज: सुमारे त्रेपन्नशेतून अठ्ठावीसशे गेले, पंचवीसशेच्या आसपास हवं. अंदाज चुकला तर पुढे बघायचंच नाही, पुन्हा मांडायचं.

ऑगस्ट लागला. बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली. शाळेची रीत बायोच्या हातात पक्की बसली होती, तेव्हा मी फडताळातली माझी पद्धत काढली. आधी विचारलं, तुझ्या नि माझ्या वयात किती फरक? ती दहाची, मी बासष्टची. बावन्न. दहा वर्षांनी? तिनं वीस आणि बहात्तर लिहून पाहिलं. "बावन्नच." दोघींना दहा मिळाले तर फरक हलत नाही. मग ५३४२ आणि २७६८ मांडले. वरच्याला दहा एकक दिले, खालच्याला एक दशक. दोघांना दहाच मिळाले. बायो आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हो परत केलो." दोन महिन्यांपूर्वीचा प्रश्न तिच्या लक्षात होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती धावत आली. ४००३ वजा १५७८ तिनं निराळंच केलं होतं. दोघांतून चार चार काढून टाकले: ३९९९ वजा १५७४. "आता काय सोडूचाच नाय!" नवातून चार पाच, नवातून सात दोन, नवातून पाच चार, तीनातून एक दोन. फरक हलत नाही म्हटल्यावर वाढवता येतो तसा कमीही करता येतो, हे तिनं स्वतः लावलं होतं. हे मी तिला शिकवलं नव्हतं, आणि मला एकतीस वर्षांत सुचलंही नव्हतं.

चतुर्थीच्या आधी घराघरांतून अंगणं झाडायला नवे खराटे बांधतात. बायोची आई हीर मागायला आली, दीडशे पुरेत म्हणाली. मी आत सुपारी सोलत होते, म्हटलं बायोला सांग. बायोनं भारा सोडला. एक पेंडी आईच्या हातात दिली. दुसरी सोडून पाच जुड्या दिल्या. उरलेल्या पाच जुड्या एकत्र करून रबर लावलं, आठ पेंड्यांच्या शेजारी ठेवल्या, आणि भाऱ्याचं सुंभ काही पुन्हा गुंडाळलं नाही. घडी करून खिडकीत ठेवून दिलं.